वही नाही

उद्यमनगरात लेथ थंड झाली की
जुन्या कॉम्प्युटरवर मी एक बाई जगवतो.
नाव ठेवलंय मालन.
सुरुवातीला दिली तिला एक खोली, गळका नळ
आणि पाकीटभर पैसे, तेही मोजून.

तिसऱ्या दिवशी बिल थकलं.
एक माणूस आला, टीव्ही उचलून गेला,
ना शिवी, ना गयावया.

शेजारी आहेत तिला. येतात, हात हलवतात,
पण वाटीभर साखर मागायची सोय नाही.
भिशी नाही. दुकानदाराची वही नाही.
‘पगार झाला की देते’ म्हणायला
बटणच नाही कुठं.

मुश्ताक म्हणाला, लगा, कोड टाक की,
एका ओळीत पन्नास हजार.

टाकला.
बंगला झाला, पोहायचा हौद झाला.
आता मालन रात्री दोनला उठते
आणि जिथं तो नळ होता
तिथं जाऊन उभी राहते.
नळ मी विकला. चार रुपये आले होते.

सोमवारी सुट्टी. तेल आणायला गेलो.
बाळू शेटेनं न विचारताच वही ओढली.
आकडा मी बघितला नाही.
वर नाव होतं, माझं,
त्याच्या वाकड्या अक्षरात.