एका पानाला दोन रुपये

भायखळ्याला, वॉर्ड ऑफिससमोर,
जिन्याखाली माझं मशीन आहे.
दिवसभर झाकण उचलतो, झाकण पाडतो.
लोक काचेवर पालथे होतात :
आधार, पॅन, लाइट बिल,
सोनोग्राफीचा रिपोर्ट,
घटस्फोटाच्या निकालाचं फक्त शेवटचं पान.

माझ्यापासून कोणी काही झाकत नाही.
"आपल्याकडे काय लपवायचंय, घ्या",
असं म्हणून अख्खा मोबाइल हातात देतात,
पीडीएफ तिथेच कुठेतरी असेल, शोधा.
मी शोधतो. वाटेत जे लागतं
ते न बघितल्यासारखं बघतो.

गल्लीत कॅमेरे लागले तेव्हा
खांबाला हार घातला, नारळ फोडला.
जरीकामवाल्या शमशादबींनी पेढे वाटले,
त्यांची शिलाई मशीन चोरीला गेली होती ना मागे.
जिमची पोरं खाली उभी राहून केस नीट करू लागली.
फक्त घाडीगावकर, बेस्टच्या डेपोतून रिटायर,
मान वर करून दोन मिनिटं बघत राहिले,
आणि तोही त्यांच्याकडे.

मग अर्ज. दहा रुपयांचं तिकीट लावून.
चित्र कुठे जातं? कोण बघतं?
किती दिवस ठेवता? पुसता, तर पुसतं कोण?

उत्तर आलं साडेचार महिन्यांनी. तीन पानं.
अपिलासाठी दोन-दोन प्रती काढायला माझ्याकडे.
पट्टी, पट्टी, पट्टी, मध्येच "आणि",
पुन्हा पट्टी, "सबब", पट्टी,
खाली सही, तीही न लागणारी.

काळ्याला टोनर जास्त लागतो.
हे बाहेरच्यांना माहीत नसतं.
आळीतल्या सगळ्या पोरांचे जन्मदाखले जेवढ्यात निघाले असते
तेवढं ती पानं पिऊन गेली.
कागद गरम, कडा वळलेल्या.
मी बाराच रुपये घेतले.
"'आणि' तरी सोडलाय," घाडीगावकर म्हणाले.

दिवाळीआधी मशीन विकायला काढलं.
बघायला आलेल्या रेहाननं मागची पाठ उघडली.
"काका, ह्यात डिस्क आहे. माहीत होतं ना?
काचेवर ठेवलेलं आत राहतं."
किती?
"पुसलं नसेल तर बरंच."
पुसतं कोण?
तो हसला आणि स्क्रू तोंडात धरले.

सात वर्षं.
कुणाच्या टीबीच्या गोळ्या, कुणाचं पतपेढीचं थकलेलं कर्ज,
खारव्यांच्या मुलीनं बापाला न सांगता भरलेला फॉर्म,
आणि ती तीन पानंही,
आतसुद्धा तेवढीच काळी.

मशीन विकलं नाही.
डिस्क काढून गल्ल्यात ठेवली, फाटक्या नोटांखाली.
घाडीगावकरांना सांगून बसलो, ती चूक.
दुसऱ्या दिवशी अर्ज. तेच वळणदार अक्षर.
प्रति, जनमाहिती अधिकारी, जिन्याखालचं झेरॉक्स.
कुठे जातं? कोण बघतं? किती दिवस ठेवता?
वर दहा रुपयांचं तिकीट, थुंकी लावून चिकटवलेलं.
"तीस दिवस आहेत," म्हणाले.
हसतील म्हणून वाट बघितली. हसले नाहीत.

आज एकोणतिसावा.
कोऱ्या कागदावर खरं तेच लिहिलंय.
वाचून पाहिलं, फार नाही, अर्धं पान.
तिसऱ्या ओळीत आहे : कधीकधी, दुपारी
गिऱ्हाईक नसताना, मी जास्तीची एक कॉपी काढून वाचायचो.

ड्रॉवरमध्ये मार्कर आहे, जाड टोकाचा.
टोपण दातांनी उघडलं.
तेवढ्यात काउंटरवर एक बाई,
कडेवर पोर, हातात आधार :
"एक कॉपी, दोन्ही बाजू."
ठेवा काचेवर, म्हणालो.
टोपण दातांतच होतं,
तिला नीट ऐकू गेलं नसेल.
तरी तिनं ठेवलं.