काळ आला होता

वेस्टमान्नाच्या खाडीत, किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर
एक तराफा नांगरलेला आहे.
वर पत्र्याची खोली, कॉफीचं यंत्र, दोन खुर्च्या,
आणि एक कॉम्प्युटर, जो सामन माशांना जेवायला वाढतो.
दिवसातून चारदा. पहिली पंगत पहाटे चारला.

जानेवारीतल्या एका रात्री वाऱ्याने वीज नेली.
ती परतली तेव्हा कॉम्प्युटर उठला,
आतली बटणाएवढी बॅटरी कधीच मेलेली,
म्हणून त्याने स्वतःला तारीख सांगितली:
एक जानेवारी दोन हजार, मध्यरात्र.
हसायला तिथं कुणी नव्हतं.
प्रोग्रॅमने घड्याळ पाहिलं. चारला अजून चार तास.
चार वाजले की उठव, एवढं सांगून तो झोपला.

आठला, अंधारातच, रान्वा आणि माग्नी होडीने आले.
जाळ्यांत मासे गोल गोल फिरत होते, नळ्यांच्या तोंडाशी दाटून.
रान्वाने हातमोजे काढले, तारीख पाहिली,
एक शिवी घातली, आणि वेळ बरोबर केली.
एकाच ओळीत. पंचवीस वर्षं.

मग प्रोग्रॅम जागा झाला आणि त्याने हिशोब केला.
बिचारा प्रामाणिक होता.
पाहिलं, की छत्तीस हजारांहून अधिक पंगती
वाढायच्या राहून गेल्यात,
आणि त्याने एकेक करून वाढायला घेतल्या.
नळ्या गुरगुरल्या. दाणे पावसासारखे नव्हे,
रेतीच्या ट्रकसारखे ओतले गेले.
माग्नी धावला, मुख्य खटका ओढला, घसरला,
गुडघा फुटला.

बऱ्याच वेळाने, गुडघ्याला फडकं बांधत, तो म्हणाला,
घड्याळ तूच फिरवलंस ना?
मग त्याला सांगितलं का नाहीस?

रान्वाकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.
सगळ्यांच्या मुळाशी एक कर्नल असतो,
फौजेतला नव्हे, तरी हुकूम त्याचाच.
कुठे दवंडी पिटतात, वेळ बदलली हो,
उघड्या असतील तेवढ्या खिडक्यांशी जाऊन.
ज्याला ऐकायचं तो ऐकतो.
हा कर्नल दवंडी पिटत नाही.
ज्याने झोपण्यापूर्वी सांगून ठेवलं असेल,
की कुणी घड्याळाला हात लावला तर मला उठव,
त्यालाच तो उठवतो.
आणि उठवतो तेही रिकाम्या हाताने:
चार वाजले म्हणून नाही. एकच शब्द, रद्द.
तुझं माझं ठरलेलं मोडलं. पुन्हा बघ किती वाजले.

आमच्या प्रोग्रॅमने सांगून ठेवलं नव्हतं.
म्हणजे मीच. तो मीच लिहिला होता, रान्वा म्हणाली,
आणि कॉफीचं यंत्र सुरू केलं.

त्या दुपारी तिने तेवढं एक वाक्य घातलं.
शिवाय दुसऱ्या घड्याळाचा पत्ता दिला,
ज्याला तारीख ठाऊक नाही, सालही नाही,
उठल्यापासून किती सेकंद झाले एवढंच ते मोजतं
आणि कुणाच्याही सांगण्यावरून मागे फिरत नाही.
मराठीत या दोघांना वेगळी नावं आहेत, हे तिला कुठून कळावं.
काळ आला होता, वेळ आली नव्हती,
असं आपण वाचलेल्या माणसाबद्दल म्हणतो.
इथं उलट झालं. वेळ आली, दणदणीत आली,
काळ मात्र जेमतेम आठ तास पुढे सरकला होता.

मग तिने मुद्दाम घड्याळ तासभर मागे नेलं.
प्रोग्रॅम दचकून उठला. रद्द, त्याने वाचलं.
वेळ पाहिली. दुसऱ्या घड्याळाला विचारलं,
शेवटची पंगत उठून किती झालं?
आणि काहीही न वाढता पुन्हा आडवा झाला.
रान्वाने टेबलावर बोटांनी दोनदा टकटक केली.

परतताना माग्नीने मनगट वर केलं.
त्याचं घड्याळ तासभर पुढे होतं.
ऑक्टोबरात सगळ्यांनी मागे घेतली, तेव्हापासून.
कुणी सांगितलं नाही का तुला?
सांगितलं की, तो वल्ही आत ओढत म्हणाला,
पण मार्चमध्ये ते आपोआप बरोबर येतं.