सहानंतर आठ

सकाळी साडेसातला आडकर भिलारेला फोन लावतो,
भिलारे चाबुकस्वारला,
असं पुढे पुढे सरकत
आठाच्या आत झेंडेपाशी पोचतं.
झेंडे उलटून आडकरला सांगते: सगळे हजर.
पोखरणा न्यू जर्सीत, त्याची रात्र असते,
जेवता जेवता हजेरी देतो.
मुजावर ओरडतो, आधी घास गिळ,
मग जिवंत अस.

जिऑलॉजीचा वर्ग. बहात्तरची बॅच. अकरा जण.

इनामदार गेला तेव्हा सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये
तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता.
दाराच्या कडीला दुधाच्या तीन पिशव्या,
त्यातली एक फुगलेली.
दहाव्यानंतर खळदकरनं सगळ्यांना कोथरूडला बोलावलं,
गवती चहा दिला, आणि म्हणाली,
उद्यापासून हजेरी. रोल नंबरानं.
गैरहजर राहायचं असेल
तर आदल्या दिवशी कळवायचं.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो.

मी सहा. ती सात.
एका मिनिटाच्या हजेरीत ती तीन बातम्या बसवायची:
गुडघा, भाजी,
आणि गच्चीवरून आज टेकडी दिसते की नाही.
बारा वर्षं मला टेकडीची खबर
घरबसल्या मिळत होती.

श्रावणात एका मंगळवारी तिच्या सुनेनं फोन उचलला.

पुढचं गणित सोपं होतं.
सहानंतर आठ.
आठ म्हणजे लोणकर.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, वेताळ टेकडीच्या खाणीत,
मला एक स्टिल्बाइट सापडला होता.
मुठीएवढा, फिकट गुलाबी,
पंखा उघडावा तसा खडकातून उघडलेला.
लोणकर म्हणतो, त्याला सापडला.
हातोडी माझी होती
एवढं मात्र तो मान्य करायचा.
दगड त्याच्या पिशवीतून गेला
आणि आमचं बोलणं त्याच्याबरोबर.

तेव्हापासून खळदकर मध्ये.
प्रॅक्टिकलच्या टेबलावर मध्ये, ग्रुप फोटोत मध्ये,
चाबुकस्वारच्या मुलीच्या लग्नात पंगतीला मध्ये.
लोणकरला मीठ हवं असलं
की ते तिच्या हातून जायचं.
मला वाटायचं तिला हे कळत नाही.

त्याचा नंबर माझ्या डायरीत आहे.
सहा आकडी होता तेव्हापासून.
पुढे सात झाले, आठ झाले,
मग मोबाइल आला.
दर वेळी जुना खोडून
मी नवा लिहीत गेलो, नीट अक्षरात.
लावला एकदाही नाही.

पहिल्या दिवशी सात चाळीसला लावला.
"सहा," मी म्हणालो.
खूप वेळ पंख्याचा आवाज.
"आठ."
फोन ठेवला. चौदा सेकंद.

महिनाभर असंच.
सहा. आठ.
त्याचा खोकला मला ओळखू यायला लागला,
माझा त्याला येत असणार.
घारपुरे मला म्हणाला,
बोला की रे, किती वर्षं झाली.
मी म्हटलं, बोलतो की. रोज.

काल घारपुरेचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला.
हिला ऐकू कमी येतं.
बाहेर आलो तर आठला पाच कमी,
स्क्रीनवर घारपुरेचे दोन, आडकरचा एक,
आणि लोणकरचे सात.
लावला. पहिल्या रिंगला उचलला.
"सहा," मी म्हणालो.
"मूर्ख माणसा," तो म्हणाला.

मग दोघंही गप्प.
त्याच्याकडे कुठेतरी वारा होता, भांडं घरंगळलं.
फोन ठेवायचा सोडून तो म्हणाला,
"दगड परत मिळणार नाही.
वाऱ्यानं दार आपटतं,
त्याला लावलाय."

त्रेपन्न वर्षांनी,
माझा स्टिल्बाइट,
दाराला!
इतकी वाक्यं एकदम तोंडाशी आली
की एकही बाहेर पडेना.
तेवढ्यात तोच म्हणाला, ठेव आता,
मुजावर वाट बघत असेल.

रात्री हिला सांगितलं.
म्हणाली, कुठलं दार?

खरंच, कुठलं?
गच्चीचं असेल तर
त्याच्याकडूनही टेकडी दिसत असेल.
उद्या विचारीन.