शेड कार्ड

एकतीस वर्षं मी तुर्भ्याच्या रंगकारखान्यात
चिंध्या उजेडाला धरून सांगत आलो:
हा निळा अर्धा टोन लालाकडे झुकलाय, बॅच थांबवा.
आणि ते थांबवत.
मागचा नाला बघूनही सांगायचो
आज कितव्या नंबरचा रंग निघाला.
(याची फुशारकी मारू नये, हे आता कळतं.)

साखर तेव्हापासूनच असावी.
कँटीनचा चहा, ओव्हरटाइमचा आणखी एक,
पायाला मुंग्या; म्हटलं, उभं राहून आल्या असतील.
डोळ्यांची शंकाच आली नाही.
डोळे तर नोकरीला होते.

वाशीला डॉक्टर तेंडोलकर बाईंनी
गोळ्यांच्या चिठ्ठीमागे एक खोली काढली.
"मढवी काका, ही खिडकी. काच धुरकटलीय, ती मी बदलते.
पण समोरच्या भिंतीत ओल आहे, साखरेची.
तिची हमी मी देत नाही."
तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक चार.
आठाखाली आणा, मग तारीख.
आधी भिंतीला लेझर, डोळ्यात दोन सुया,
मग काच.
गोमतीने तांदळाची भाकरी एकावर आणली
आणि माझ्यासमोर स्वतःही एकच खाल्ली.

पट्टी निघाली त्या सकाळी
पहिला दिसला सिस्टरच्या हातमोज्याचा निळा.
किती वर्षं मी
चहाच्या गाळणीतून बघत होतो!
शेजारचे पाटकर, त्यांना साखर नाही,
तक्ता तळापर्यंत घडाघडा वाचून
रिक्षा शोधायला गेलेसुद्धा.
मी चौथ्या ओळीत अडकलो.
प, मग काहीतरी, मग ट.
मधलं अक्षर ओलं होतं.
"चांगलंय काका. आधी नुसती बोटं मोजत होता."
चांगलंच आहे. मी कुठे नाही म्हणतो.

घरी आलो, कोपरखैरण्याला,
तर हॉलच्या भिंती फिकट जांभळ्या.
"हे कोणी केलं?"
कोणी बोलेना. पोरगा चार्जर शोधायला लागला.
मग गोमती: "तुम्हीच. मागच्याच्या मागच्या गणपतीला.
शेड कार्डावर बोट ठेवलंत, म्हणालात, हाच मोतिया."
पेंटरने दोनदा विचारलं होतं म्हणे.
पोराने त्याला मागून खूण केली: लाव.
दीड वर्ष सगळे त्या जांभळ्यात जेवले,
पाहुण्यांना सांगितलं, आम्हालाच हवा होता.

सूनबाई म्हणते, बदलून घेऊ.
मी म्हटलं, राहू दे. पैसे सुयांना लागतील.
पुढची सोळा तारखेला.
दुसऱ्या डोळ्याचं विचारलं की बाई "बघू" म्हणतात
आणि पडद्याचा फोटो
जरा जास्तच वेळ बघत राहतात.

गोमतीकडे सरळ पाहिलं
तर नाकाच्या जागी डाग, पाणी सांडल्यासारखा.
कानाकडे पाहिलं की ती येते,
कडेकडेने, सगळी.
काल नवं लुगडं खांद्यावर टाकून उभी राहिली.
"सांगा रंग."
मी तिच्या कुडीवर नजर ठेवली.
"मोरपंखी. अर्धा टोन हिरव्याकडे."
"अहो, बघताय कुठे?"
"तुझ्याकडे."
"मग? थांबवायची का बॅच?"
उजेड खिडकीतून तिच्या डाव्या बाजूला पडला होता,
मी मान आणखी थोडी वळवली.
"पास," म्हटलं. "जाऊ दे."