ना हरकत

शिक्का कोरडा पडला होता.
पाणी टाकलं पॅडवर, तरी उमटेना.
शेवटी सेबी सरांनी बाटलीच्या बुडातली
थेंबभर फेणी ओतली,
तेव्हा कुठे कागदावर आलं
नवदीप स्पोर्ट्स क्लब, सावर्डे.
फिकट, थोडं वाकडं, काजूच्या वासाचं.

'सदर खेळाडूस अन्य क्लबात जाण्यास
आमची कोणतीही हरकत नाही.'

अठ्ठावीस वर्षं मी पंचायतीत कारकून होतो.
घराच्या दुरुस्तीला, विहिरीला, विजेच्या मीटरला,
एकदा तर अख्खा डोंगर खणायला
हाच मजकूर टाइप केला मी.
हात थांबल्याचं आठवत नाही.

दिपलेश समोर बाकावर बसलेला.
तेरा वर्षांचा, पाय जमिनीला टेकतात जेमतेम.
बाहेर बाप स्कूटर चालूच ठेवून उभा.
खाण बंद पडली तेव्हापासून त्याचा टिप्पर परसात आहे,
चाकं विकून झाली,
हौद्यात माती भरून बायकोनं भेंडी लावलीय.
ती काल विचारत होती,
तिकडे होस्टेलात नुस्तें देतात का रोज,
का नुसतीच अंडी?

मी म्हटलं, वयनी, तिकडे गवत आहे.
आमच्याकडे पोर घसरलं
की गुडघ्यातून लोखंड धुवावं लागतं.

जाताना त्यानं बूट परत केले. पाच नंबरचे.
जिभेच्या आत मार्करनं लिहिलेली नावं:
फ्रान्किन, खोडलेलं.
सर्वेश, खोडलेलं.
ज्योकिम, अर्धवट खोडलेलं, तो दोनदा परत आला होता.
खाली दिपलेश वेळीप, आडनावासकट,
जणू हाजिरीच घेणार होतं कुणी.
मार्कर देऊ का, म्हटलं.
मान हलवली. नाही म्हणाला की राहू दे, कळलं नाही.

मग मोठ्या क्लबाचं पत्र आलं.
खेळाडू घडवल्याची भरपाई, नियमानुसार;
कृपया खर्चाचा तपशील भरावा.
काय भरू?
सेबी सरांच्या स्कूटरचं पेट्रोल लिहिलं.
मनगट मोडलं तेव्हाचं प्लास्टर लिहिलं.
पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात
भिंतीवर चेंडू मारून मारून
हेडमास्तरांच्या शिव्या खाल्ल्या चार वर्षं,
त्याला रकाना नव्हता.
आले ते पैसे दोन जाळ्यांत संपले.

जानेवारीत तेच आले आमच्या मैदानावर.
पांढरी बस, पाण्याच्या पेट्या, दोन फिजिओ.
दिपलेश राखीव बाकावर,
निळं जॅकेट गळ्यापर्यंत ओढून.
एकदाच उठला, वॉर्मअप केला, परत बसला.
आम्ही सहा गोल खाल्ले.
पाच नंबरच्या बुटात आता आरोन होता,
त्यानं एक पोस्टला मारला, त्यावरच आम्ही
आठवडाभर बोललो.

शिट्टी झाली. हस्तांदोलनं झाली.
आमच्याकडे नियम आहे,
सामना संपला की जाळी ज्याची त्यानं सोडायची.
पाहतो तर खालच्या गोलाकडे
निळं जॅकेट.
टाचा उंचावून कोपऱ्याची गाठ सोडतोय,
तोंडात दोरीचं टोक,
डावा हात दांड्यावर, पूर्वीसारखाच.
त्या जाळ्या कशातून आल्या
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
मीही नाही सांगितलं.

बसनं हॉर्न दिला.
तो थांबला. सोडलेली गाठ
काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बांधली,
घाईघाईत, आवळून,
आणि पळाला.
खिडकीतून हात केला की काच ओढली, लांबून दिसेना.

तिन्हीसांज झाली. पोरं तीन कोपरे सोडून
चौथ्याशी अडली.
आरोननं नखं लावली, मी दात लावले.
सेबी सर म्हणाले, कापू या.
मी म्हटलं, राहू दे रे आजची रात्र,
तशीही
कुणाची काही हरकत नाही.