रवणीला घालण्याआधी

कोंबड्या पाळायच्या म्हणतेस, यानिना.
बस. आधी बूट काढ, चिखल आहे.
फोनमधली चित्रं नंतर दाखव,
चित्रातली कोंबडी कधी खुडूक होत नाही.

पांढऱ्या लेगहॉर्न नकोत.
तेमुकोच्या बाजारातून एकदा सहा आणल्या होत्या मी,
अंड्यांचा नुसता सडा.
पण हिरव्या कुरणात पांढरं म्हणजे
घारीला धाडलेलं आवतणच.
आठवड्यात चार नेल्या.
उरल्या दोघी ट्रॅक्टरखालून हलेनात,
अंडीसुद्धा तिथेच, ग्रीसमध्ये.

तांबूस, अंगानं भरलेल्या हव्यात?
हेरिबेर्तोकडे आहेत. स्वभावानं गाई.
जुलैत पाऊस बारा-बारा दिवस मुक्काम ठोकतो इथे,
तेव्हा त्या दाराशी येऊन उभ्या राहतात
आणि तो घेतो त्यांना आत.
त्याच्या चुलीपुढे आता माणसाला जागा नाही.
मोठा तुरा मात्र बघून घे:
कडाक्यात टोकं काळी पडतात,
मग रोज संध्याकाळी एकेकीला मांडीवर धरून
चरबी चोळत बसायचं.
मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.

आपल्या म्हणशील तर या.
ही बिनशेपटीची. आई हिला कोल्योंका म्हणायची.
मागून पाहिलं तर भोपळा निघालाय चालत.
ही केत्रो. कानांजवळ झुपके,
जणू उशीत कापूस कोंबला
आणि शिवण घालायची राहून गेली.
अंडी दोघींची निळी.
धर हे. गरम आहे अजून.
हेरिबेर्तोच्या अंड्यांचा तपकिरी रंग
ताजा असताना ओल्या फडक्याला लागतो.
हा नाही लागत. फोडून बघ,
आतूनही तेवढंच निळं.

तुला झुपकेवाल्याच हव्यात, कळतंय मला.
ताल्काहून एक बाई आली होती,
जोडी द्या म्हणाली, दोघांनाही मोठे झुपके.
मी म्हटलं, बाई, बारा भागिले चार येतं का तुम्हाला?

झुपक्याचा कोंबडा, झुपक्याची कोंबडी,
बारा अंडी रवणीला घाल.
सतरा-अठरा दिवस सगळं नीट.
अंधारात बॅटरी लावलीस तर आत सावली हलताना दिसेल.
मग त्यातल्या तीन सावल्या
हलायच्या थांबतात.
थंडीनं नाही, उंदरानं नाही,
तुझ्या हातून काही राहिलं म्हणून नाही.
दोन्हीकडून झुपका आला की
पिल्लू कवचापर्यंत पोचतच नाही.
आई तरी बसून राहते.
पोटाखालून काढून घ्यावी लागतात ती.
टोचते ती. टोचू द्यावं.

एक वर्ष मी हेच केलं. तीन वेळा.
प्रदर्शनातली लाल फीत हवी होती मला.
मिळाली. ती बघ, खिळ्याला,
खुराड्याची किल्ली अडकवायला बरी पडते.

म्हणून कोंबडा हा असला ठेवलाय,
सपाट गालांचा, तोंडावर काही नाही.
हा झाकला तरी उजाडायचं ते उजाडतंच,
आणि न झाकता साडेतीनलाच ओरडतो, बेसूर.
शिव्या देते मी. दाणे टाकते.

चल, बस येईल.
ही खुडूक म्हातारी घेऊन जा,
टोपलीत खाली गवत आहे, वर माझा स्वेटर.
अकरा अंडी लोकरीत गुंडाळून पातेल्यात ठेवलीत,
मांडीवर घे. कारावेच्या पुढे रस्ता फुटलाय,
तिथे दोन्ही हातांनी धर.
कोणती कुणाची ते मी लिहिलेलं नाही.
एकवीस दिवस थांब.
कुणाला झुपके येतील, कुणाला शेपूटच नसेल,
एखादं निघेल अगदी साधं,
बोट दाखवावं असं काहीच नसलेलं.
फोटो त्याचा पाठव मला.

आणि टोपली परत हवी.
हेरिबेर्तोची आहे, त्याला अजून माहीत नाही.