शून्य पूर्णांक चार

गुरुवार. पाषाणात पाणी बंद,
म्हणून थंडाव्याची टाकी कालच भरून ठेवलेली.
भिंताडे पंपाला कान लावून बसलेत,
दमेकऱ्याच्या पाठीला लावावा तसा.

आत, निर्वातात, जस्ताच्या ऑक्साइडचा तुकडा,
नखाएवढा,
रात्रभर भाजून स्वच्छ केलेला.
मी मूस तापवते. निळी पूड उडू लागते,
तीच, जी दुकानांच्या पाट्यांत असते,
माझ्या बॉलपेनातही असावी,
आणि रेणूंचा थर बसतो. एकच. जेमतेम.

फळ्यावर मी दोन शिड्या काढते शेजारी शेजारी,
पायऱ्या मोजा, म्हणते पोरांना,
इलेक्ट्रॉन कुठून कुठे उतरेल ते सांगा.
दरवर्षी बरोबर येतं त्यांचं उत्तर.

इथे पडद्यावर अख्खी शिडीच खचलीय:
शून्य पूर्णांक चार.
आणि अजून कुणी कुणाला काही दिलेलं नाही
की घेतलेलं नाही.
नुसतं टेकणं झालंय.

"बिघडलं काय, मॅडम?"
"नाही."
"मग?"
एवढ्या वर्षांत यासाठी मराठी लागलंच नव्हतं.
"नवं बिऱ्हाड आलंय, भिंताडे.
सामान अजून टेम्पोतच,
आणि घरमालकाचा आवाज आत्ताच उतरलाय."

ते हसत नाहीत. पान्ह्याने
एक नट पाव आटा आवळतात, मग म्हणतात,
"उतरणारच. कुणी दारात उभं राहिलं की
घर पहिल्यासारखं राहत नाही."

वहीत लिहिते, निळ्या शाईत:
पहिला थर, ३.५२ वाजता.
दुसरा उद्या,
पाणी आलं तर.